अर्जाचा इतिहास

वस्तीत मला सगळे 'अर्जवाले गुरुजी' म्हणतात. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मी तीस वर्षं इतिहास शिकवला. २०१५ ला रिटायर झालो. तो इतिहास कुणाच्या ध्यानात असेल असं वाटत नाही. पण माझ्या ओट्यावर बसून फारम भरल्याचं पोरांना आठवतं. बोर्डिंगचा फारम, स्कॉलरशिपचा फारम, डी.एड.चा, नर्सिंगचा, पोलीस भरतीचा. आता फारम कागदावर नसतो, मोबाईलात असतो. अडवायची रीत मात्र जुनीच आहे.

गेल्या हिवाळ्यात एक बाई लेकीला घेऊन आली. बाई अंगणवाडीत मदतनीस, नवरा गवंड्याच्या हाताखाली बिगारी. म्हणाली, "जय भीम गुरुजी. पोरगी लंडनला अर्ज करायचा म्हणती. मला त्यातलं काय कळत न्हाई. तुम्ही बघा तेवढं."

पोरगी सिव्हिल इंजिनियर झालेली. तिला लंडनच्या एका विद्यापीठात पाण्याच्या नियोजनावर शिकायचं होतं. तिथं हजारोंनी अर्ज येतात आणि मोजकेच घेतले जातात. मी म्हटलं, बस. आणि त्या रात्री तिचा फारम बघता बघता माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. तीच इथं मांडतो.

गुणवत्ता गुणवत्ता म्हणून आपल्या कानीकपाळी ओरडतात. जणू आपली माणसं परीक्षेत मागं पडली म्हणून बाहेर राहिली. पण मी इतिहासाचा मास्तर आहे, कागद बघून बोलतो. आपली पुष्कळ माणसं परीक्षेपर्यंत पोचलीच नाहीत. त्यांना आधीच, अर्जापाशी अडवलं. फीपाशी, सहीपाशी, दाखल्यापाशी, तारखेपाशी अडवलं. हा आपला इतिहास आहे आणि तो कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. मी तीस वर्षं ती पुस्तकं शिकवली म्हणून सांगतो.

सुरुवात धारवाडापासून करू. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १८५६ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी शाळेत नाव घालायला एका महार मुलानं अर्ज केला. नेहमीची फी द्यायला तो तयार होता. शाळा सरकारी, पैसा सरकारी, तरी त्याला घेतलं नाही. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलं. २१ जुलै १८५६ ला सरकारनं ठराव केला. त्याचा अर्थ असा की, तात्त्विक न्याय या अर्जदाराच्या बाजूनं आहे हे कबूल. पण एकट्यादुकट्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींना एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कामाचंच नुकसान होईल. म्हणून नाही.

मित्रांनो, हा ठराव नीट समजून घ्या. पोरगा नालायक आहे असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. फी नाही असंही म्हटलेलं नाही. न्याय तुझा, पण तू एकटा आहेस, एवढंच म्हटलंय. आणि एकट्याला आत घेतलंच नाही तर दुसरा येणार कुठून? आदल्याच वर्षी, १८५५ ला, पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदय'नं छापला होता. म्हणजे दार उघडलं तर आपलं लेकरू काय करतं, हे छापून आलेलं होतं. वाचायचं त्यांनी वाचलं नाही.

पुढं १८५८ ला विलायतेतल्या कंपनीच्या संचालकांनी मुंबईचं म्हणणं उचलून धरलं नाही. सरकारी पैशावर चालणारी शाळा सगळ्या जातींना खुली, असं ठरलं. कागदावर ठरलं. दाराशी काय चाललं ते पुढं सत्तर-ऐंशी वर्षं आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलं. हे सगळं प्रकरण १९२८ ला बाबासाहेबांनीच सायमन कमिशनपुढं मांडलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. नाहीतर तो पोरगा दप्तरातच गाडला गेला असता.

आता बाबासाहेबांचाच अर्ज बघू. आपण त्यांच्या पदव्या पाठ म्हणतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. पण त्या पदव्यांच्या आधी अर्ज होते आणि एकेका अर्जामागं एकेक माणूस उभा होता, हे आपण सांगत नाही.

१९०७ ला ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना पुस्तकं दिली आणि सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले. बी.ए. झाल्यावर परदेशी जाण्यासाठी बडोद्याचीच शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. आणि त्याच जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथून १९१६ ला लंडनला निघताना प्रोफेसर सेलिग्मन यांची शिफारस बरोबर होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव दाखल झालं, ग्रेज इनमध्येही झालं. आणि १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा, पैसा बंद. परत यावं लागलं.

इथं एक बारीक गोष्ट आहे. निघताना लंडन विद्यापीठानं त्यांना परवानगी दिली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत कधीही या आणि राहिलेला अभ्यास पुरा करा. प्रोफेसर कॅनन यांनी शब्द टाकला होता. मधल्या काळात करारापायी बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा कुणी दिली नाही. मुंबईला परतले, सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या दोस्तानं कर्ज दिलं. १९२० ला ते परत लंडनला गेले, मुदतीच्या आत. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

मी पोरांना विचारतो, ती चार वर्षांची मुदत नसती तर? एवढी बुद्धी असून काय झालं असतं? बाबासाहेबांची बुद्धी १९१७ ला होती तेवढीच १९२० ला होती. मधे पैसा नव्हता, एवढंच. एका कागदानं त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

प्रस्थापितांच्या घरात केळुसकर हा काका असतो, सेलिग्मन हा बापाचा मित्र असतो, भथेना हा मामा असतो. ते घरातच असल्यामुळं दिसत नाहीत. मग त्यांचं पोरगं स्वतःच्या गुणवत्तेवर गेलं असं वाटतं. आपल्याला हीच माणसं रस्त्यावर शोधावी लागतात. मग आपण मेहरबानीवर गेलो म्हणतात.

ही मेहरबानी बाबासाहेबांना सलत असली पाहिजे. कारण सत्तेत बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं बघा. १९४२ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणाच्या पैशाची मागणी होती, परदेशी शिक्षणाचीही होती. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला कॉलेज. म्हणजे महाराजाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट त्यांनी हक्कावर आणली. ज्याला कुणी केळुसकर भेटणार नाही त्याच्यासाठी ही सोय होती.

याच काळात केरळातला एक मुलगा लंडनला शिकत होता. शाळेत फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभा राहून तो धडे ऐकायचा. इंग्रजीत पहिल्या वर्गात एम.ए. झाला. पुढं जे.आर.डी. टाटांना पत्र लिहिलं, मदत मिळाली आणि १९४५ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेला. के. आर. नारायणन. १९९७ ला राष्ट्रपती झाले. हेही एका पत्रावरच झालं. असं पत्र लिहावं हे ज्याला सुचलंच नाही, असे किती वर्गाबाहेरच उभे राहिले असतील?

आणि आता दुसऱ्या बाजूचा अर्ज सांगतो. मद्रासेत कॉलेजच्या जागा जातीवार वाटून देण्याचा सरकारी हुकूम होता. त्याविरुद्ध एक ब्राह्मण बाई, चंपकम दोराईराजन, कोर्टात गेल्या. मेडिकलला आपल्याला जातीमुळं प्रवेश मिळणार नाही, अशी तक्रार. ९ एप्रिल १९५१ ला सुप्रीम कोर्टानं तो हुकूम रद्द केला. गंमत अशी की बाईंनी मेडिकल कॉलेजला अर्जच केलेला नव्हता. चौकशी केली, जागा मिळणार नाही असं कळलं, म्हणून सरळ कोर्टात. कोर्टालाही ते माहीत होतं, तरी तक्रार ऐकून घेतली. धारवाडच्या पोरानं अर्ज केला होता, फी द्यायला तयार होता, त्याला सरकारनं सांगितलं की न्याय तुझा, पण नाही. इथं अर्जच नव्हता आणि न्याय मिळाला. मग त्याच वर्षी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली, कलम १५ ला चौथं पोटकलम जोडलं, म्हणून राखीव जागा टिकल्या. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते.

आता माझं सांगतो. सांगावं की नको असं पुष्कळ दिवस वाटत होतं.

मी नागसेनवनात शिकलो. १९७८ ला बी.ए. झालो, इतिहासात चांगले मार्क होते. एका प्राध्यापकानं सांगितलं, दिल्लीला अर्ज कर, तिथं एम.ए.ला देशभरातून मोजकी पोरं घेतात. अर्ज मागवला. त्यात धर्माचा रकाना होता. आमचा बाप १९५६ चा बौद्ध. घरातले देव त्यानं स्वतः उचलून नदीत सोडलेले. पण केंद्राच्या लेखी त्या वेळी बौद्ध म्हणजे अनुसूचित जातीत नाही. महाराष्ट्रात सवलत होती, दिल्लीत नव्हती. 'बौद्ध' लिहिलं की राखीव जागा गेली. मी 'हिंदू महार' लिहिलं. बाप रात्रीच्या वर्गात अक्षर शिकलेला. त्यानं कंदिलापाशी अर्ज वाचला, त्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि काही न बोलता कागद परत दिला. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. १९९० ला कायदा बदलला, बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीत धरलं. बाप तोवर गेला होता.

मुलाखतीचं पत्र आलं. मूळ कागद घेऊन हजर राहा. ऑगस्टची तारीख. मी हरखून गेलो होतो. आणि २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मराठवाड्यात आपली घरं पेटली. आमचंही पेटलं. माणसं वाचली, आम्ही उसात लपलो होतो. पत्र्याची पेटी जळाली. पेटीत मार्कशीटं, टी.सी., जातीचा दाखला, आणि दिल्लीचं पत्र.

दुय्यम प्रती काढायच्या तर कागद जळाल्याचा पोलिसांचा दाखला पाहिजे. ठाण्यात गेलो. जमादारानं लिहिलं, चुलीतली ठिणगी उडून आग. मी म्हटलं, साहेब, चूल दोन दिवस पेटलीच नव्हती, आम्ही घरात नव्हतो. तो म्हणाला, "मग दाखला नको का तुला?" सही केली नाही. चार वेळा गेलो, पाचव्यांदा सही केली. चुलीवर आळ घेऊन दाखला घेतला. प्रती हातात आल्या तेव्हा दिवाळी झाली होती. मी दिल्लीला पत्र टाकलं की असं असं झालं, जागा धरून ठेवता येईल का. उत्तर आलं, प्रवेश बंद झाले आहेत.

मी रडगाणं गात नाही. बी.एड. केलं, मास्तर झालो, पोरं शिकवली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा गेटापाशी उभा होतो. पण त्या वर्षी दिल्लीच्या त्या वर्गात जी एक जागा भरली नाही किंवा दुसऱ्यानं भरली, ती मी परीक्षेत हरलो म्हणून गेली नाही, एवढं मला लिहून ठेवायचं होतं.

हे जुनं झालं म्हणाल. तर २०२४ चं ऐका. उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगर जिल्ह्यातला एक दलित पोरगा. बाप रोजंदारीवर. जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड पास झाला, धनबादच्या आय.आय.टी.त इलेक्ट्रिकलला जागा लागली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे, २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत. गावातून उसने गोळा करता करता वेळ झाली, काही मिनिटांनी हुकलं, यंत्र बंद झालं. परीक्षेची त्याची ती शेवटची संधी होती. पोरगा आयोगाकडं गेला, हायकोर्टात गेला, शेवटी सुप्रीम कोर्टात. ३० सप्टेंबरला कोर्टानं कलम १४२ चा अधिकार वापरून त्याला जागा दिली. चांगलं झालं. पण १७,५०० साठी देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत किती बापांना जाता येतं? १९१७ ला परक्या देशातल्या विद्यापीठानं चार वर्षं थांबायची तयारी दाखवली. आपल्या देशातलं यंत्र पाच मिनिटं थांबलं नाही.

बाहेरदेशी जायचं तर केंद्राची शिष्यवृत्ती आहे, १९५४-५५ पासूनची. २०२२ ला तिच्या नियमात बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि इथल्या समाजाचा अभ्यास, असे विषय बाद. बाबासाहेबांनी मे १९१६ ला कोलंबियात जातीवरचा निबंध वाचला, आज त्या विषयावर अर्ज केला असता तर या शिष्यवृत्तीत बसला नसता. आणि २०२५ च्या जुलैत १०६ जणांची निवड झाली, पण पत्रं निघाली पहिल्या ४० जणांनाच. बाकीच्यांना सांगितलं, निधी असला तर. म्हणजे हक्क पुन्हा मर्जीवर आला. फक्त महाराज गेले आणि निधी आला.

तर ती पोरगी. तिच्याबरोबर मी अडथळे लिहून काढले. इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा हजारांच्या वर. अर्जाची फी पौंडात, आणि तिच्या बँकेचं कार्ड परदेशात चालत नाही. दोन शिफारशी पाहिजेत, त्याही प्राध्यापकाच्या कॉलेजच्या ईमेलवरून. तिचे सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." कॉलेजचा ईमेल त्यांनी कधी उघडलेलाच नव्हता. उत्पन्नाचा दाखला तहसिलातून. जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा. तिच्या पणज्याचं नाव गावच्या शाळेच्या रजिस्टरात आहे म्हणून ती वाचली. पणजाला कुणी शाळेत घातलं नसतं तर पणतीचा अर्ज अडला असता.

सगळ्यात शेवटी हेतुपत्र. आपण का शिकणार ते दोन पानांत लिहायचं. तिनं लिहून आणलं होतं. पहिलं सगळं पान उपासाचं, आईच्या फाटक्या लुगड्याचं. मी विचारलं, हे का? म्हणाली, "सर, क्लासवाल्यानं सांगितलं, गरिबी लिही, गोऱ्यांना आवडतं."

मी तिला धारवाडच्या पोराची गोष्ट सांगितली. त्याच्यापाशी काय कमी दुःख होतं? पण तो फी द्यायला तयार होता. शिकणारा म्हणून दाराशी आला होता, दया मागायला नाही. मी म्हटलं, "तुझी गरिबी खोटी नाही. लाजू नको, लपवू नको. पण तुला काय शिकायचंय ते आधी लिही."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "गावच्या टाकीतनं पाणी सोडलं की आपल्या वस्तीला सगळ्यात शेवटी येतं. आई म्हणायची, आपलं नशीब. इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं, लाइनच्या शेवटी दाब उरत नाही. लाइन कुणीकडनं टाकायची ते कुणीतरी ठरवलं होतं, सर. मला ते गणित शिकायचंय."

"हेच लिही," म्हटलं.

लिहिलं. फी वस्तीनं जमवली, एकोणतीस घरांनी. कार्ड एका पोराच्या कंपनीतल्या साहेबाचं मिळालं. शिफारशीसाठी तिच्या सरांना मी स्वतः जाऊन ईमेल उघडून दिला. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. उत्तर यायचं आहे. होकार येईल, नकार येईल. नकार आला तर तिच्या अभ्यासावर येऊ दे. फीवर, ईमेलवर, दाखल्यावर येऊ नये, एवढंच आमच्या हातात होतं. तेवढं आम्ही केलं.

म्हणून माझं सांगणं आहे. वस्तीवस्तीत एक पेटी करा. पत्र्याची नको, जळते. कागदाच्या तीन प्रती, तीन घरांत, आणि एक मोबाईलात. अर्जाच्या तारखांची एक वही ठेवा. महिन्याला घरटी पन्नास रुपये काढा आणि ते फक्त फीला वापरा, जयंतीच्या बँडला नको. ज्याला सही करता येते त्यानं सही करावी, ज्याची ओळख आहे त्यानं ती द्यावी. केळुसकर गुरुजींनी एका पोराला पुस्तकं दिली आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. एवढं तर आपल्यातल्या कुणालाही जमेल.

माझ्या ओट्यावर संध्याकाळी सातनंतर कुणीही यावं. येताना कागद आणावेत.

जय भीम.